इंजिनाचं हळदीकुंकू

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी विद्याधर सोहोनीने गाडीचं बॉनेट उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसं ते हळूच मिटलं.

"काय झालं हो?" शुभदाने ओसरीवरून विचारलं.

"इंजिन सापडलं नाही," विद्याधर म्हणाला.

इंजिन होतं. पण त्यावर बारा वर्षांचं गळलेलं तेल आणि बंगळूरच्या चामराजपेटेतली बारा वर्षांची लाल धूळ एकत्र मळून कुणीतरी हाताने थापल्यासारखा थर बसला होता. त्या थरात कडुनिंबाची पानं होती, एक वाळलेली पाल होती आणि कुठल्याशा लग्नाची अक्षतही होती. ती गाडी इतकी वर्षं चालवणारे घरमालक नरसिंहराव ओसरीवरच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात सारली.

"बारा वर्षं मी त्याला पाण्याचा थेंब लावू दिला नाही," ते म्हणाले. "इंजिनाला आंघोळ बेडा, नकोच. गाडी सुरू होते की नाही? मग झालं."

विद्याधर मूळचा पुण्याचा. दोन वर्षांपूर्वी तो इथल्या विमानांच्या सरकारी कारखान्यात नोकरीला लागला आणि नरसिंहरावांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटून राहिला. कारखान्यात तो विमानाच्या शेपटीची ड्रॉइंगं काढी. इंजिनाचं खातं वेगळं होतं, पण हे त्याने चामराजपेटेत कुणाला सांगितलं नव्हतं. इथे तो 'विमानवाले इंजिनिअर' होता.

नरसिंहरावांच्या तीन पिढ्या बंगळुरात गेल्या होत्या. खजिन्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना एकच उद्योग उरला होता, तो म्हणजे लढाईच्या आधीची ती काळी विलायती गाडी. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केली आणि श्रावणात त्यांनी गाडी विद्याधरला विकली. विकली म्हणजे किल्ली दिली. गाडीचे कागद मात्र रेशमी कापडात गुंडाळून ट्रंकेतच ठेवले.

"आयुधपूजेला देवासमोर गाडी चालू करून दाखवा," त्यांनी अट घातली होती. "तीन हँडलं मारायची. तीनांत सुरू झाली तर गाडीने तुम्हाला पत्करलं, त्या दिवशी कागदावर सही. नाही झाली तर तुमचे पैसे तुम्हाला परत आणि गाडी आमची आम्हाला. सरी?"

"सरी," विद्याधर आनंदाने म्हणाला होता. गाडीचा सेल्फ कधीच मेला होता, पण हँडल मारलं की ती रोज पहिल्या फेऱ्यातच सुरू होई. तीन म्हणजे दोन जास्तच झाले. शुभदाने तर नंदीच्या डोंगरावर न्यायचा डबासुद्धा मनात भरून ठेवला होता.

एवढ्यावर तो थांबता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आदल्या रात्री जेवताना तो नरसिंहरावांना म्हणाला, "अण्णा, तुम्ही दरवर्षी बॉनेटच्या पत्र्याला कुंकू लावता. खरं आयुध आत असतं. पूजा इंजिनाची व्हायला पाहिजे."

नरसिंहरावांच्या पत्नी लक्ष्मीदेवी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अक्का, वाढता वाढता थांबल्या. "बरोबर बोलतो की हा," त्या म्हणाल्या. "उद्या धुऊन ठेव. परवा मी इंजिनाला हळदकुंकू लावते." अक्कांनी एकदा म्हटलं की मागे फिरता येत नसे.

मग विद्याधरने कारखान्यातून आणलेल्या ड्रॉइंगच्या कागदावर सतरा कलमांची कार्यपद्धती लिहिली आणि पेरूच्या झाडाला टाचणीने लावली. इंजिन पूर्ण थंड असावे. बॅटरीची तार सोडावी. काम उघड्यावर, चुलीपासून दूर करावे. जवळपास कुणी विडी ओढू नये. कार्बोरेटरचे तोंड रबरी कापडाने बांधावे. मळ आधी लाकडी पट्टीने खरवडावा, मग रॉकेल आणि ब्रश. पाणी बेताने, बादलीने ओतू नये. नंतर फडक्याने टिपून रात्रभर सुकू द्यावे. सगळं अगदी बिनचूक होतं. असला माणूस संकटात सापडला तर त्याची कीव करायची की कौतुक, हेच कळत नाही.

कलम नऊ होतं डिस्ट्रिब्युटरच्या टोपीचं. त्या काळ्या टोपीतून चार वायरी निघतात आणि चार प्लगांवर बसतात. कुठली वायर कुठल्या प्लगवर, हे चुकलं की इंजिन चालत नाही. ती टोपी रॉकेल आणि पाण्यापासून दूर असावी, म्हणून वायरींसकट काढून ठेवायची होती. त्याआधी वायरींवर खुणा करणं भाग होतं. काळ्या रबरावर पेन्सिल उमटेना. कागदाच्या चिठ्ठ्या चिकटेनात.

"शुभदा, रंग आहे का गं घरात? कसलाही," विद्याधरने हाक मारली.

शुभदाने कुंकवाचा करंडा पुढे केला. "हे घ्या. ओलं करून लावा. दिवसभर कपाळावर टिकतं, तुमच्या वायरीवर एक रात्र टिकेल."

विद्याधरने पहिल्या वायरीला एक ठिपका दिला, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. मग टोपी वायरींसकट उचलून ओसरीवर स्वच्छ पितळी ताटात ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

तीन तास तो खरवडत होता. रॉकेलने मळ सुटला, पण तेलाचा चिकटपणा जाईना. तेव्हा अक्का एका भांड्यात कोमट शिकेकाईचं पाणी घेऊन आल्या.

"हे लाव बघू स्वल्प."

"अक्का, हे कलमांत नाहीये."

"दिवाळीला तुझ्या अंगावरचं तेल कलमाने जातं काय?" अक्कांनी विचारलं.

त्याने बेताबेताने लावलं आणि फडक्याने पुसलं. इंजिन असं लखलखलं की नरसिंहरावांनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनीही त्यातल्या चार प्लगांची टोकं मोजली. त्यांनी तपकिरीची डबी चाचपली. ज्याच्या पोटात आपण बारा वर्षं हात घातला नाही, त्याला दुसऱ्याने न्हाऊ घातलेलं पाहून त्यांना जरा लागलंच. संध्याकाळी विद्याधरने बॅटरीची तार जोडली, सगळं वाऱ्यावर सुकत ठेवलं आणि समाधानाने झोपला. टोपी सकाळी बसवायची होती. ते दोन मिनिटांचं काम होतं.

सकाळी नऊला तो आंघोळ करून बाहेर आला, तेव्हा गाडीला झेंडूचे हार घातलेले होते. चारी चाकांखाली लिंबं होती. ओसरीवर देवाचा पाट मांडला होता आणि पाटासमोर घरातली झाडून सगळी हत्यारं ओळीने बसली होती. विळी, अडकित्ता, शुभदाची कात्री, तिचं शिवणाचं मशीन, नरसिंहरावांचं पेन, हिशेबाची वही आणि विद्याधरचे सगळे पाने. प्रत्येकाच्या कपाळी हळदकुंकू होतं. पाटाच्या मधोमध पितळी ताट होतं. त्यात ती टोपी होती आणि तिच्या चारी वायरींवर ठिपके शोभत होते. पाच, पाच, पाच आणि पाच.

विद्याधरने दोनदा मोजले.

"अक्का," तो म्हणाला, "हे... हे तुम्ही केलं?"

"हौदु, मीच. तू लावलेलं बघितलं की मी. एकीला एक, एकीला चार, बरं दिसत नव्हतं. म्हटलं सगळ्यांना पाच पाच करू. देवाला चार कोण लावतं?" अक्का कौतुकाने म्हणाल्या.

विद्याधर ओसरीच्या पायरीवर बसला. शुभदाला सांगताना त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "चार वायरी आणि चार प्लग म्हणजे चोवीस प्रकार होतात. आणि हँडलं तीन."

"पण प्लग काढून बघता येतं म्हणाला होतात ना तुम्ही? कुठला दट्ट्या वर आलाय ते?"

"येतं की. पाना दे."

दोघांनी पाटाकडे पाहिलं. पाने हार घालून बसले होते. विद्याधरने हात नुसता पुढे केला, तर नरसिंहराव खुर्चीतून अर्धे उठले.

"अय्यो, आज हत्यार उचलायचं नसतं. उद्या दसऱ्याला उचलायचं. पुण्याला असं नाही काय?"

पुण्यालाही तसंच होतं. फक्त पुण्याला विद्याधरकडे गाडी नव्हती.

अक्का म्हणाल्या, "अरे विद्याधर, ते ठिपके..."

"अक्का, जरा थांबा. मला विचार करू दे," विद्याधर म्हणाला. विचार करून त्याने सायकल काढली. राहुकाळ बाराला लागत होता, त्याआधीच हँडल मारायचं होतं. इथल्या शिवाजीनगरला गुंडो नावाचा मेकॅनिक होता आणि या जुन्या गाड्या त्याला तोंडपाठ होत्या.

गुंडोच्या दुकानासमोर केळीचे खांब होते. तो स्वतः धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून प्रसादाचे चणे वाटत होता. हे ध्यान मेकॅनिकचं आहे हे ओळखायलाच विद्याधरला वेळ लागला.

"आज येत नाही," सगळं ऐकून गुंडो म्हणाला. "आज मी हत्याराला हात लावला, तर वर्षभर हत्यार माझ्या हाताला लागतंय. पण तोंडी सांगतो, त्याला पाना लागत नाही. एक, तीन, चार, दोन. ह्या क्रमाने ठिणगी पडते."

"ते पुस्तकात आहे हो. पण त्यातली एक कुठली?"

"ते तुमच्या घरात कुणाला तरी माहीत असेल. चणे घ्या," गुंडो म्हणाला.

विद्याधर चणे खात आणि आकडेमोड करत परतला. क्रम माहीत आहे. सुरुवात कुठून हे माहीत नाही आणि टोपीखालचा रोटर कुठल्या अंगाने फिरतो तेही माहीत नाही. म्हणजे चोवीसाचे आठ झाले. आठांतून तीन. कारखान्यात असल्या हिशेबावर कुणी विमान उडवलं नसतं. घरी पोचला तेव्हा अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि गल्लीतली दहाबारा माणसं प्रसादासाठी जमली होती. विमानवाले इंजिनिअर गाडी चालू करणार म्हणून ती खास थांबली होती.

आता हँडल आणि ताटातली टोपी ही हत्यारं की गाडीचे अवयव, असा प्रश्न निघाला. नरसिंहरावांनी दोन मिनिटं डोळे मिटून विचार केला. ते मनाने सरळ होते. "दोन्ही अवयव. हत्तीची सोंड आणि कान असतात तसे," ते म्हणाले. "मारा."

"अरे, पण मी काय म्हणते..." अक्का पुढे आल्या.

"अक्का, एकच मिनिट थांबा हं," विद्याधर म्हणाला.

"तू स्वल्प थांब ग," नरसिंहरावही म्हणाले. अक्का पदर खोचून खांबाशी उभ्या राहिल्या.

विद्याधरने देवाचं नाव घेऊन एका प्रकाराने वायरी बसवल्या आणि हँडल मारलं. सायलेन्सरमधून असा बार निघाला की समोरच्या नारळावरचे कावळे उडाले आणि शेजारच्या गंगव्वांनी हातातला प्रसाद तोंडात न घालता कपाळाला लावला. गाडी हलली नाही. त्याने वायरी बदलल्या आणि दुसरं हँडल मारलं. या खेपेला बारसुद्धा निघाला नाही. इंजिनाने एक ढेकर दिला आणि ते गप्प बसलं.

नरसिंहरावांना आनंद झाला. तो त्यांच्या चेहऱ्यावर इतका स्पष्ट दिसला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. श्रावणापासून ते रोज पहाटे उठून, कुणी पाहत नाही असं बघून गाडीवर हात फिरवत, ते एकट्या शुभदाने खिडकीतून पाहिलं होतं. आता गाडी परत येत होती. आणि समोर हा पोरगा घामाने निथळत, नव्या धोतराला तेलाचे हात पुसत उभा होता.

"सावकाश मारा तिसरं," नरसिंहराव गडबडून म्हणाले. "घाई नाही." राहुकाळाला बारा मिनिटं होती.

विद्याधर बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. "शुभदा, गेली गाडी," तो हळूच म्हणाला. "नसतं पोट उघडलं तर बरं झालं असतं गं."

शुभदाला त्याचं वाईट वाटलं. ती इकडेतिकडे बघायला लागली आणि खांबाशी पदर खोचून उभ्या असलेल्या अक्का तिला दिसल्या.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्ही सकाळपासून काय सांगताय?"

"मी काय सांगत्ये? एवढंच सांगत्ये की माझे ठिपके कुठले आणि ह्याचे कुठले ते मला कळतंय."

गल्लीतली माणसं पुढे सरकली.

"कसं कळतं?" विद्याधरने विचारलं.

"तू नुसतं कुंकू लावलंस. पुरुषमाणूस तू, तुला काय माहीत. मी आधी हळद लावते, मग तिच्यावर कुंकू. हळदीशिवाय कुंकू मी जन्मात लावलं नाही." अक्कांनी समईशेजारची कापसाची वात उचलली, पाण्यात बुडवली आणि हाताला लागलेल्या वायरीवरचा एक ठिपका अलगद टिपला. लाल पुसलं गेलं आणि खाली पिवळं उरलं. "हा माझा." दुसरा टिपला. "हा पण माझा." तिसरा आणि चौथाही पिवळा निघाला. पाचव्याखाली नुसतं काळं रबर होतं. "हा तुझा."

"चार तुमचे, एक माझा," विद्याधर पुटपुटला. "म्हणजे ही पहिली."

"पाच पुरे करताना मी मोजूनच लावले की. जिला एक होता तिला चार दिले, जिला चार होते तिला एक दिला. तुझी खूण मोडली नाही मी."

काखेत कळसा होता आणि विद्याधर शिवाजीनगरला वळसा घालून आला होता. त्याने हात जोडले, पण अक्कांनी ते झटकून त्याला कामाला लावलं. एक पिवळा ठिपका म्हणजे चौथी, दोन म्हणजे तिसरी, तीन म्हणजे दुसरी. बारा वाजायला पाच मिनिटं असताना वायरी बसल्या. विद्याधरने तिसरं हँडल मारलं.

गाडी सुरू झाली. आणि अशी सुरू झाली की नरसिंहरावांनी मान एका बाजूला कलती करून ऐकलं. बारा वर्षांत ती इतकी गोड कधी बोलली नव्हती. विद्याधरने ती हातभर पुढे घेतली, चाकं लिंबांवरून गेली, गंगव्वांनी प्रसाद खाल्ला, कुणीतरी कोहळा फोडला. नरसिंहरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मोतीबिंदूचं आहे असं त्यांनी दोघातिघांना सांगितलं.

"पत्करलं तुम्हाला तिने," ते विद्याधरचा तेलकट हात हातात घेऊन म्हणाले. "आणि आंघोळही मानवली तिला. मी उगाच बारा वर्षं पारोशी ठेवली."

मग ते आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि रेशमी कापडातले कागद घेऊन बाहेर आले. सतरा कलमं लिहिणाऱ्या विद्याधरने हे कागद आजवर एकदाही पाहिले नव्हते. त्याने अदबीने पुढे होऊन ते उलगडायला मदत केली. सहीची जागा कुठे आहे ते बघू लागला आणि तिथेच थबकला.

मालकाच्या नावापुढे लिहिलं होतं, लक्ष्मीदेवी.

"अण्णा, हे..."

"तिच्याच वडिलांनी दिलेली गाडी ती," नरसिंहराव म्हणाले, यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. "मी नुसता चालवत होतो. सही तिचीच लागणार."

सकाळपासून आपण गाडीच्या मालकिणीला किती वेळा 'जरा थांबा' म्हणालो, याचा विद्याधर मनात हिशेब करू लागला. शुभदाने तो आधीच केला होता आणि ती तोंडावर पदर धरून उभी होती.

अक्कांनी कागद हातात घेतले आणि सावकाश वाचले. विद्याधर पेन आणायला पाटाकडे वळला.

"ते देवापुढचं पेन आहे," अक्का म्हणाल्या. "आज उचलायचं नसतं."

नरसिंहरावांनी कपाळाला हात लावला. आयुधपूजेच्या दिवशी सही करायची अट त्यांनीच घातली होती.

"मग, अक्का?" विद्याधरने विचारलं.

अक्कांनी करंडे पुढे ओढले. आपल्या नावाखालच्या कोऱ्या जागेत आधी हळदीचं बोट टेकलं, मग त्यावर कुंकवाचं. असे चार ठिपके ओळीने लावून त्यांनी बोट पुसलं आणि कागद नवऱ्याकडे दिले. मग गाडीचं पुढचं दार उघडून, जिथे बारा वर्षं बसायचं राहून गेलं होतं त्या पुढच्या सीटवर त्या ऐसपैस बसल्या.

"चल, बसवनगुडीला देवदर्शनाला. शुभदा, तू मागे बस ग, अण्णांबरोबर."

विद्याधरने स्टिअरिंगला हात लावला, पण त्याला राहवेना. "अक्का, देवाला चार कोण लावतं म्हणाला होतात. पाचवा?"

"पाचवा उद्या, सहीबरोबर," अक्का म्हणाल्या आणि पदर सारखा केला. "तोवर तू स्वल्प थांब."